दहा हजारांमागचा विंचू

एका लेखात वाचलं, 'वान' (萬) या चिनी अक्षराचा अर्थ नुसता '10 हजार' दिलाय, खरी गंमत राहूनच गेली. चीनच्या प्राचीन शांग राजवटीत हाडांवर कोरलेल्या मजकुरांत हे अक्षर म्हणजे चक्क विंचवाचं चित्र आहे, वर नांग्या अन् खाली शेपूट! उच्चार जुळत होता म्हणून ते संख्येसाठी उसनं घेतलं आणि बिचाऱ्या विंचवाला वेगळं अक्षर करावं लागलं. चीनमधल्या आजच्या तीन रेघांच्या सोप्या रूपात (万) तर तो शोधूनही सापडत नाही. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, 'वान' उतरत्या सुरात म्हणतात, दक्षिण चीनमधल्या कँटोनीजमध्ये 'मान', जपानीत 'मान' किंवा 'बान'. 'बान्झाई' या जपानी जयघोषातला 'बान' तो हाच: 10 हजार वर्षं, म्हणजे चिरायू होवो. बौद्ध स्वस्तिकालाही चीनमध्ये 'वान'च म्हणतात. आणि हो, आपला एक लाख म्हणजे त्यांचे 10 वान.