कापराने ऑक्सिजन वाढत नाही: मनाली-लेह प्रवासाबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय: अटल बोगदा झाल्यामुळे मनाली-लेह एका दिवसात होतं, वाटेत मुक्काम नको, फक्त कापराची वडी हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. कृपया यावर विसंबून आई-वडिलांना गाडीत बसवू नका.

कापराने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन तेवढाच राहतो. वाटेतल्या सरचूच्या तंबूत शेजारच्या काकूंनी रुमालात कापूर बांधून नाकाशी धरला होता. ओठ निळसर, ऑक्सिमीटरवर ७४. तासाभराने पाहिलं तरी ७४च. आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

२०२०मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या बोगद्याने रोहतांग खिंड टळली, हे खरं. पण पुढचा बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड) आणि १७ हजार फुटांवरचा तांगलांग ला कुठे टळलाय? तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शिवाय विरळ हवेचा त्रास बहुधा काही तासांनी, रात्री सुरू होतो. सरचू तर दोन खिंडींच्या मध्ये, साधारण १४ हजार फुटांवर. तिथे आजारी पडलात तर खाली उतरण्यासाठी दोन्ही बाजूंना आधी चढावंच लागतं.

म्हणून पहिला मुक्काम सरचूच्या अलीकडे, कमी उंचीवरच्या केलांग किंवा जिस्पाला करा, शक्यतो दोन रात्री. डोकं दुखत असताना, मळमळत असताना पुढे चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर ऑक्सिजन लावा आणि रात्र असली तरी खाली निघा.