दोन तारे आणि वितळलेली बॅग : गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा तुमच्या गाडीचं जॉबकार्ड समोर ठेवून वाचला, तेव्हा तो राग बराचसा आमच्याकडेच वळला. दोन तारे दिलेत ते तसेच असू द्या, ते बदला म्हणून हे लिहीत नाही. पण तुमच्यासारखीच ६५० सीसीची स्पोर्ट बाइक घेऊन लांब निघणारे बरेच जण हे पान वाचतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

ज्यांनी मूळ तक्रार वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : यांनी आमच्याकडून टूरच्या आधीची सर्व्हिस करून घेतली, नवीन चेन किट बसवलं, साइड बॅगा घेतल्या. मग ८ दिवसांत २,८०० किलोमीटर, संपूर्ण प्रवास डबलसीट. ९०० किलोमीटरला चेन ढिली झाली, ती वाटेत ताणून घेतल्यावर आवाज करू लागली. वळणात गाडी पुढून हलकी वाटायची आणि बाहेर जायची. उजवी बॅग सायलेन्सरला लागून वितळली. मनगटं दुखली, पायांना इंजिनची धग लागली. परत आल्यावर आमच्या काउंटरवरच्या मुलानं ऐकवलं, ‘स्पोर्ट बाइकवर टूर केली की असंच होणार.’

शेवटापासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ते आमच्या दुकानातून जायला नको होतं. उद्धट होतं हे झालंच, वर ते खोटंही आहे. मी स्वतः अशाच गाडीवर वर्षानुवर्षं लांबचे रस्ते केले आहेत. मधल्या वर्गातल्या या गाड्या टूरला चालत नाहीत असं म्हणणारा माणूस बहुधा त्यांच्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसलेला नसतो. भरल्या टाकीसकट साधारण १९० ते २१० किलो वजन, म्हणजे खडी पसरलेल्या वळणावर किंवा उतारावर पार्किंगमधून मागे ढकलताना जीव वर येत नाही. ट्विन म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर ताकद मधल्या आरपीएमलाच (इंजिनच्या फेऱ्यांना) मिळते, ओव्हरटेक करायला प्रत्येक वेळी दोन गिअर खाली यावं लागत नाही. फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं आवरण, छातीवरचा वारा कापतं. टाकी १५ लिटरची धरली आणि लिटरला २० किलोमीटर धरले तरी ३०० किलोमीटर होतात; मी २५० ला थांबतो, तोवर मलाच उतरायचं असतं. अर्थात सगळ्या एका जातीच्या नसतात. कावासाकीच्या निन्जा ६५० चं हँडल बऱ्यापैकी वर आहे, यामाहाच्या आर७ चं बरंच खाली. दोन्हींना स्पोर्ट म्हणतात, पण संध्याकाळी मनगटाला फरक कळतो. असो. त्या मुलाशी बोललो आहे. तुमची माफी त्याच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं मागतो, कारण तो जे बोलला ते त्यानं कधीतरी आमच्यापैकीच कुणाकडून ऐकलेलं असणार.

आता चेन. इथे चूक आमची आहे, पण तुम्ही लिहिलं आहे ती नाही. तुम्ही म्हणता चेन नीट ॲडजस्ट केलीच नव्हती. केली होती. जॉबकार्डवर ३० मिलिमीटर ढिलाई (खालची चेन बोटानं वर-खाली हलते ते अंतर) लिहिली आहे, गाडीच्या पुस्तिकेत २५ ते ३५ आहे. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही ते हे, की नवीन चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसते आणि थोडी सैल होते. ती ५०० च्या आसपास एकदा बघायची असते. हे एक वाक्य गाडी देताना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही ९०० ला दचकला नसता आणि रस्त्यावर पहिला जो मेकॅनिक दिसला त्याच्यापुढे गाडी उभी केली नसती.

त्या मेकॅनिकनं काय केलं ते चेनच सांगते. परत आल्यावर आम्ही चाक फिरवत सगळ्यात ताठ जागी मोजलं, ढिलाई ८ मिलिमीटर होती. रिकाम्या गाडीवर ८. त्यावर तुम्ही दोघं आणि भरलेल्या बॅगा बसल्यावर काय होतं ते बघा. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, पिव्हट (तो जिथे वर-खाली फिरतो ती जागा) आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. वजनानं गाडी मागून दबते तसतशी ती रेष जुळत जाते आणि चेन ताठ होत जाते. म्हणून तर पुस्तिकेत ती ढिलाई ठेवायला सांगितलेली असते. हातानं हलवून ‘लूज वाटतेय’ म्हणून ताणलेली चेन खड्ड्यात गाडी दबली की तारेसारखी होते, आणि तो ताण थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. तुम्ही ऐकलेला कर्रकर्र आवाज त्याचा होता. खरं सांगायचं तर थोडी ढिली चेन नुसता खडखडाट करते. ताठ चेन खर्च काढते.

त्यात पाऊस लागला आणि पुढे चेनला ल्यूब (वंगण) मारलं गेलं नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या चेनसारख्या ओ-रिंग चेनच्या आतलं ग्रीस रबरी रिंगांच्या मागे बंद असतं, त्यामुळे ती पावसात लगेच मरत नाही, पण बाहेरचे रोलर कोरडे पडतात. भिजल्यावर मुक्कामाला पोचलं की चेन गरम असतानाच ल्यूब मारून ठेवायचं, रात्रभरात ते मुरतं. छोटा कॅन बॅगेत ठेवा, बाकी काही विसरलं तरी चालेल.

वळणात गाडी बाहेर जाण्याबद्दल मात्र सफाई द्यायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही गाडी दिलीत तेव्हा ‘डबलसीट, सामानासह’ असं स्पष्ट सांगितलं होतं, जॉबकार्डवर ते माझ्याच अक्षरात आहे. तरी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, ७ पैकी दुसऱ्या खाचेवर तसाच राहिला. गेल्या आठवड्यात तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा तुम्हाला बसवून, बॅगा चढवून मोजलं ते आठवत असेल. मागून गाडी जवळजवळ ६० मिलिमीटर बसत होती. मागच्या चाकाची एकूण हालचालच १३० मिलिमीटर आहे. एक तृतीयांशाच्या आसपास बसणं ठीक, जवळपास अर्धी बसली म्हणजे मागून गाडी खुर्चीत रेलल्यासारखी झाली. मग पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) आडवा पडतो, पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं, वळणात गाडी आत यायला कुरकुरते आणि बाहेरच्या बाजूला पसरते. हेडलाइटही वर जातो; समोरचे लोक रात्री डिपर मारत होते असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण तेच. सीटखालच्या टूलकिटमध्ये जो वाकडा सी आकाराचा पाना असतो तो याच कामाचा. पाच मिनिटांचं काम. आम्ही केलं नाही.

सामान कुठे बांधलं यानंही फरक पडला. सगळ्यात जड वस्तू टेल बॅगेत होत्या. टेल बॅग मागच्या एक्सलच्याही मागे लटकते, त्यामुळे ती नुसतं मागे वजन टाकत नाही, पुढचं चाक उचलायलाही मदत करते. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, कुलूप असलं जड सामान टँक बॅगेत किंवा साइड बॅगेच्या तळाशी, आणि मागे कपडे. शिवाय पुस्तिकेत कमाल भार लिहिलेला असतो. त्यात तुम्ही, वहिनी, बॅगा, बॅगांचा सांगाडा सगळं धरायचं. तुमचे आकडे इथे लिहीत नाही, पण तुम्ही मर्यादेच्या आत होता, एवढं सांगतो.

टायरच्या बाबतीत मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. आम्ही थंड टायरला पुढे ३६, मागे ४२ पीएसआय हवा भरून दिली होती, तुमच्या गाडीला तेवढीच सांगितलेली आहे. तुम्ही दुपारी चालत्या प्रवासात मोजली, वाढलेली दिसली, म्हणून मागची ३४ वर आणली. गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसणारच, ३६-४२ हा आकडा ती वाढ गृहीत धरून थंड टायरसाठी दिलेला असतो. सकाळी तोच टायर थंड झाल्यावर ३४ च्याही खाली गेला असणार. वर दोघांचं वजन. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, आणि जास्त वाकला की जास्त तापतो. म्हणजे ज्या भीतीनं हवा काढली तेच पदरात पडलं. तुमच्या मागच्या टायरच्या कडा लवकर झिजल्या आहेत, मध्यभाग तितका नाही, ही खूण कमी हवेची. सरळ रस्त्यावर पूर्ण हवेनं चाललेला टायर उलट मधून चपटा होतो.

बॅग वितळली ती पूर्णपणे आमची जबाबदारी. सायलेन्सरपासून अंतर आम्ही बघितलं होतं, पण बॅग रिकामी असताना. भरल्यावर तिचं पोट खाली आणि आत येतं. हे आम्हाला कळायला हवं होतं, असल्या बॅगा आम्ही रोज विकतो. नवीन बॅग, आतून टेकू देणारी पट्टी आणि सायलेन्सरवर हीट शील्ड, हे सगळं आमच्याकडून बसवून देऊ. आतले कपडे जळले असतील तर तेही सांगा.

मनगटांबद्दल तुम्ही विचारलंत की आम्ही हँडल वर उचलणारे रायझर का सुचवले नाहीत. माझ्या पहिल्या लांबच्या टूरनंतर मीही आधी रायझरच बसवले होते. हँडल पूर्ण वळवल्यावर ब्रेकचा होज (तेलाची नळी) ताणला जातोय हे मला पार्किंगमध्ये कळलं, रस्त्यावर नाही, हे नशीब. शिवाय फुटपेग (पाय ठेवायचे खुंट) मागे आणि वर, अशा गाडीत हँडल नुसतं उचललं की मनगटाचं वजन माकडहाडावर जातं. दुखणं जागा बदलतं एवढंच. त्यापेक्षा टाकी गुडघ्यांनी धरा, हात कोपरात सैल ठेवा, क्लच-ब्रेकचे लिव्हर हाताच्या रेषेत थोडे खाली फिरवून घ्या. वेग धरला की छातीवरचा वारा थोडं वजन उचलतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर त्रास कमी आणि गर्दीत जास्त. तुम्हाला तिसऱ्या दिवसापासून बरं वाटलं असं तुम्हीच लिहिलं आहे. अंगाला सवय व्हायला साधारण तेवढा वेळ लागतोच. तरीही हवे असतील तर बसवू, होज मोजून.

धगीचं सांगायचं तर कूलंट, फॅन, रेडिएटर तिन्ही तपासले, ठीक आहेत. फॅन सुरू झाला की रेडिएटरमागची गरम हवा फेअरिंगमधून पायांवर येते. जाड पँट घाला, सिग्नलला लांब थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. यापलीकडे माझ्याकडे इलाज नाही आणि असल्याचं नाटकही करणार नाही.

तुमची तक्रार वाचून जॉबकार्डवर एक रकाना वाढवला आहे. टूरची गाडी आता रिकामी असताना हातावेगळी करायची नाही : माणसं बसवून, सामान चढवून मागची बसण मोजायची, चेन तपासायची, बॅगेचं अंतर बघायचं, मगच सही. आजपर्यंत आम्ही स्टँडवरची गाडी तयार करत होतो आणि तुम्ही भरलेली गाडी चालवत होतात.

तुमच्या चेनमध्ये दोन लिंक अडकत आहेत, ती बदलावीच लागेल. चेनचा खर्च आमचा, मजुरीही घेणार नाही. दोन्ही बेअरिंग उघडून बघू. मागच्या चाकाचं गेलं असेल तर ते आम्ही घालू. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं निघालं तर समोर बसून बोलू. त्यात अर्धा वाटा त्या वाटेतल्या ताणण्याचा आहे आणि अर्धा आमच्या न सांगण्याचा, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर ऐकायला तयार आहे.

सकाळी लवकर या, टायर थंड हवेत. वहिनींनाही घेऊन या आणि बॅगा तुम्ही निघताना भरता तशाच भरून आणा.