माणसं मिळत नाहीत म्हणे!

तुळशीचं लग्न उरकलं की केटरिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच रडगाणं सुरू होतं. "वाढपी पाहिजेत, अर्जंट." "आजकालच्या पोरांना काम नको." "पोळीवाल्या मावशी ऐनवेळी फोन उचलत नाहीत." पुण्यात या धंद्यात सुपरवायझर म्हणून मी बरीच वर्षं काढली, आता बाहेर पडलेय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. माणसं मिळतात. येतात, एक सीझन बघतात आणि पळतात. का पळतात, ते मालकांना पक्कं ठाऊक असतं.

दुखणं बुकिंगच्या डायरीत आहे. माणसं एका कामापुरती आणि एकाच तिथीला कामं घेतलेली तीन. आम्ही विचारलं की उत्तर ठरलेलं, "होईल हो मॅडम, ॲडजस्ट करू." हे ॲडजस्ट म्हणजे काय? तर सिंहगड रोडच्या कार्यालयात पहाटेपासून भट्टीपुढे उभा असलेला आचारी दुपारी तसाच टेम्पोत बसवायचा आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला वाकडला उतरवायचा. वाढप्यांचंही तेच. तिकडे काउंटर लागायची वेळ झाली तरी पोरं अजून इकडे भांडी गोळा करतायत. मग यजमान आमच्यावर ओरडणार, आम्ही पोरांवर ओरडणार, आणि मालकाचा फोन बिझी!

बरं, हे काही अवचित येतं का? पंचांग आधीच छापलेलं असतं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन उन्हाळ्याच्या सुटीतला महिना मुहूर्तांतून गेला, म्हणजे उरलेल्या तारखांवर झुंबड उडणार. हे कळायला एमबीए लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तरी या तारखांना बयाणा घेताना कुणी माणसं मोजत नाही. बयाणा आधी, माणसं नंतर बघू.

मला कधीकधी वाटतं, बुफे आला आणि या धंद्यातलं व्यवस्थापन गेलं. पंगतीत नियोजन नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत अब्रू जाते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाज्या, मग भात, त्यावर वरण, तूप, असा क्रम. प्रत्येक पदार्थाला वेगळा माणूस. तूप मागे राहिलं की अख्खी पंगत हात आवरून बसते. म्हणून कडेला एखादे जुने काका उभे असायचे, "अळू कुठंय? मठ्ठा फिरवा" म्हणत. त्या काकांचं काम म्हणजेच मॅनेजमेंट. बुफेत पाहुणा स्वतः रांगेत उभा राहतो, त्यामुळे माणसं कमी आहेत हे चटकन दिसत नाही. मग काका कशाला हवेत? काकांना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी मालकाचा भाचा आला, कानात ब्लूटूथ घालून.

आता पैशाचं. पोरांचा सगळ्यात मोठा राग कष्टांवर नसतो, 'बाकी'वर असतो. आजच्या कामाचे पैसे आज द्यायचे नाहीत. "पुढच्या कामाला ये, दोन्हीचे एकदम देतो." म्हणजे पोरगं बांधलेलं राहतं. शिवाय कोट धुवायचे कापले, ग्लास फुटला त्याचे कापले. रात्री एक वाजता टेम्पोत सामान चढवून झालं की टेम्पो निघून जातो, आणि कॉलेजची पोरं बंद झालेल्या बसस्टॉपवर उभी. जादा तासांना दुप्पट मजुरी असं महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय. पण सांगणार कुणाला? ज्याची हजेरी कुठल्या वहीतच नाही, त्याचे जादा तास मोजणार कसे?

बायकांचं तर कुणी बोलतच नाही. पोळ्यांचा हिशोब बहुतेक ठिकाणी किलोवर. जेवढी कणीक तेवढे पैसे. त्यामुळे गॅस संपला, कणीक उशिरा भिजली, लाइट गेली, तो सगळा वेळ मावशींच्या खिशातून जातो. मॅनेजर ढिला असला की कुणाचा रोज बुडतो ते यात स्वच्छ दिसतं. कार्यालयात वरपक्षाला, वधूपक्षाला खोल्या असतात, फोटोग्राफरला बॅगा ठेवायला जागा असते. मावशींनी साडी बदलायची ती भटारखान्यामागे, तेलाच्या डब्यांच्या आडोशाला. आणि जेवायचं सगळ्यांचं झाल्यावर, चारला, तेही मसालेभात उरला असेल तर.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांनीही जरूर वाचावी. तीन ठिकाणांचा स्वयंपाक एकाच भटारखान्यात होतो तेव्हा भात सकाळी नऊला टोपात भरून निघतो आणि दोनला ताटात पडतो. गरम अन्न 60 अंशांच्या वर राहायला हवं. त्याखाली तासन् तास राहिलं की जंतू वाढतात, आणि भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. हे सगळं एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, प्रशिक्षणात शिकवतात. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा असंही तिथे सांगतात. मी जिथे होते तिथे ते सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावलं होतं. ज्याच्या नावाचं होतं तो कॅश मोजायचा, भटारखान्यात पाऊल टाकत नसे. भात बिघडला की शिव्या खायला आचारी होताच.

यात यजमानही साळसूद नाहीत. ताटामागे वीस रुपये कमी करून घेतले की आपण जिंकलो असं वाटतं. आचारी स्वस्तात येत नाही, तेल-तूप-भाजीचे भाव मालकाच्या हातात नसतात. मग ते वीस रुपये वाढप्यांच्या संख्येतून निघतात. तुमच्या मामेसासऱ्यांना पाण्याची बाटली मिळाली नाही, ती तिथे गेली.

साताऱ्याकडे एक छोटे केटरर आहेत, त्यांच्याकडेही मी काही कामं केली. एका तिथीला एकच काम. टेम्पोत सामान चढायच्या आधी रोख पैसे हातात. कामगारांची पंगत पाहुण्यांच्या आधी, साडेदहाला. गेल्या सीझनलाही त्यांच्याकडे तीच पोरं, त्याच मावशी. ते काही संत नाहीत, चिक्कार ओरडतात. दरही चढाच आहे. पण 'वाढपी पाहिजेत, अर्जंट' असा मेसेज त्यांनी टाकलेला मला आठवत नाही.

तर घरात लग्न ठरलेल्यांनो, केटररकडे टेस्टिंगला गेलात की बासुंदी चाखायच्या आधी एवढंच विचारा: आमच्या तारखेला तुमची अजून किती कामं आहेत, आमच्याकडे वाढपी किती येणार, आणि त्यांचे पैसे कधी देता? पहिल्याच प्रश्नाला "ॲडजस्ट करू" म्हणाला, तर बासुंदी खा आणि दुसरा केटरर शोधा.