वैतरण्याला गाडी थांबलीच पाहिजे

आज पालघरहून येताना डोकं फिरलंय. घरी आले, चहासुद्धा टाकला नाही, आधी हे लिहायला बसले. लांबलचक होईल. ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

कलेक्टर ऑफिसात जमिनीच्या कागदांचं काम होतं. ते उरकून दुपारची डहाणू-विरार पकडली. लेडीज डबा लांब होता म्हणून जनरलमध्येच चढले, खिडकी मिळाली. सफाळे सुटलं, गाडी वैतरणेच्या पुलावर आली, चाकांचा आवाज बदलला आणि दारात उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी पिशवी पुढे केली. आत हार, दुर्वा, विड्याची पानं आणि वरती एक नारळ. डोळे मिटून हात जोडले आणि पिशवीच्या पिशवी भिरकावून दिली. मी ओरडले, "अहो, खाली माणसं चालतात!" त्यांना मी काय म्हणतेय तेच कळेना. "काकू, खाली खाडी आहे," म्हणाले. त्यानंतर काही सेकंदांत एक बाई आमच्या खिडकीसमोरून मागे गेली. पुलाच्या कडेच्या पत्र्यावर, कठड्याला पाठ चिकटवून, एका हाताने डोक्यावरची टोपली धरलेली, पदराचं टोक दातांत, डोळे घट्ट मिटलेले. नारळ तिच्या जरा अलीकडे पडला, म्हणून ती वाचली.

हे एवढं झालं. मग वैतरणा आलं, गाडी थांबली आणि समोरच्या बाकावरचा एक तरुण मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "इथे कशाला थांबवतात काय माहीत. दोन माणसं उतरतात. ही असली स्टेशनं काढून टाकली तर विरार किती लवकर येईल." चार जणांनी माना डोलावल्या.

माझी आत्या वाढीवची. नाव ऐकलंय का किती जणांनी? सफाळे आणि वैतरणा या दोन स्टेशनांच्या मध्ये, खाडीतलं बेट आहे ते. रेल्वेचे दोन पूल, ९२ नंबर आणि ९३ नंबर, आणि त्या दोन पुलांच्या मध्ये हे गाव. रूळ गावाला लागून जातात, सगळ्या गाड्या गावासमोरून धावतात, आणि तिथे एकही थांबत नाही. बाजार, कॉलेज, दवाखाना, कोर्ट, नोकरी, काहीही असलं तरी आधी पुलावरून चालत वैतरणा स्टेशन गाठायचं. होडी आहे, पण होडी भरती-ओहोटी बघून चालते, वारा बघून चालते. माणसाचं दुखणं ओहोटी बघून येत नाही.

आत्याची पहिली खेप. आणीबाणी उठली त्यानंतरचा पावसाळा, म्हणजे १९७७. रात्री कळा सुरू झाल्या, गावातल्या सुईणीने हात टेकले, म्हणाली मूल आडवं आहे, विरारला न्या. खाडीला ओहोटी, त्यात वारा, होडीवाला नाही म्हणाला. मग गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली, चार पुरुषांनी खांद्यावर घेतली आणि आत्याला त्या पुलावरून नेलं. अंधारात, भर पावसात. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते. त्यामुळे "दोन माणसं उतरतात" हे वाक्य मला सहन होत नाही. ती दोन माणसं कुठून आलीत, कशी आलीत, हे आधी विचारा.

आणि हे स्टेशन म्हणजे कुणी परवा मतांसाठी मागून घेतलेला थांबा नव्हे. आपली पश्चिम रेल्वे मुंबईतून बाहेर गेली असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती गुजरातकडून इकडे आली. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, आपल्या आजोबांची बीबीसीआय, सुरतेजवळच्या उत्राणपासून रूळ टाकत टाकत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली. म्हणजे वैतरणेवर आधी पूल झाला आणि मग मुंबईला ही गाडी दिसली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईतल्या बॅकबे स्टेशनला पहिली लोकल सुटली, सकाळी एक जाणार, संध्याकाळी एक येणार. त्या गाडीच्या स्टेशनांची यादी कधी काढून बघा. बोरिवली, पहाडी, अंधेरी, वांद्रे अशा नावांत एक नाव आहे पांजे. पांजे म्हणजे नायगाव आणि भाईंदरच्या मधलं पाणजू बेट. १८६७ साली त्या बेटावर गाडी थांबत होती! नंतर ते स्टेशन गेलं. आज पाणजूची माणसं पुलावरून चालत नायगावला येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथला एक तरुण असाच पुलावरून कामाला निघाला होता, लोकलमधून कुणीतरी फेकलेला नारळ डोक्यात बसला आणि तो गेला. आठवतंय का? दोन दिवस बातम्या होत्या. मग आपण विसरलो. मीही विसरल्यासारखीच होते, आज ती टोपलीवाली बाई दिसेपर्यंत.

छोटं स्टेशन काढून टाका म्हणणाऱ्यांनी पाणजूला जाऊन यावं. स्टेशन गेल्यावर माणसांचं काय होतं ते तिथे दिसेल.

आत्याच्या गोष्टीत एक भाग आहे जो आतोबा नेहमी सांगायचे. झोळी पुलाच्या तोंडाशी आणली तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की पाठून किंवा पुढून गाडी येतेय का. आत्याचे धाकटे दीर एकटे पुढे पळाले, पूल ओलांडला, स्टेशन मास्तरांच्या खोलीत ओलेचिंब शिरले. मास्तरांनी फोन फिरवला. एक मालगाडी येत होती. "ती जाऊ दे, मग मी सांगतो तेव्हा उचला," म्हणाले, आणि आपला पॉइंटमन हातबत्ती देऊन दिरांबरोबर परत पाठवला. मालगाडी धडधडत निघून गेली, पॉइंटमनने बत्ती हलवली आणि झोळी पुलावर चढली. तो माणूस बत्ती घेऊन पुढे चालत होता आणि दर गाळ्याला थांबून "पाय जपून, इथे पत्रा हलतो" असं सांगत होता. त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

छोट्या स्टेशनची सेवा म्हणजे ही. सरकते जिने आणि वायफाय नसेल तिथे, नसू दे. तिकिटाची खिडकी, पत्र्याची शेड, बाकडं, पाण्याचा नळ आणि रात्रभर दिवा चालू असलेली मास्तरांची खोली, एवढ्यावर आजूबाजूच्या गावांचं सगळं चालतं. पहाटे भाजीच्या, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका याच फलाटावर बसलेल्या असतात. शिक्षक उलट दिशेने येतात, विरार-वसईहून, आणि उतरून गावांकडे चालू लागतात. कॉलेजची मुलं शेडखाली वह्या उघडून बसतात, कारण ही गाडी चुकली तर पुढची कधी हा प्रश्न असतो. विरारच्या अलीकडे राहणाऱ्यांना हे कळणार नाही. तुमची एक गेली की दुसरी चार मिनिटांनी येते. आमच्या बाजूला गाडी गेली की लेक्चर गेलं, अर्धा दिवसाचा पगार गेला.

मी लहान होते तेव्हा तर लोकल नव्हतीच. विरारच्या पुढे शटल आणि पॅसेंजर, बस्स. विरारपर्यंतच्या तारांत १५०० व्होल्टचा डीसी करंट आणि पुढे २५ हजार व्होल्टचा एसी, त्यामुळे साधी लोकल विरारला अडायची. २०१२ मध्ये चर्चगेट ते विरार सगळं एसीवर आलं आणि १६ एप्रिल २०१३ ला डहाणू लोकल सुरू झाली. त्या दिवशी फलाटाफलाटावर हार घालून, नारळ फोडून गाडीचं स्वागत केलं होतं लोकांनी. आत्याने फोन करून सांगितलं, "आमच्याकडे लोकल आली गं!" आवाजात इतका आनंद की मला रडू आलं.

पण विरारच्या पुढे रूळ दोनच. एक जाणारा, एक येणारा. त्याच दोन रुळांवरून राजधानी, वंदे भारत, मालगाड्या आणि आमची लोकल. मेल यायची असली की लोकल बाजूला काढून ठेवतात. विरार-डहाणू चौपदरीकरण २०१६ साली मंजूर झालं, ६४ किलोमीटरचं काम. अजून वाट बघतोय.

बरं, गाडीतल्या त्या मोबाइलवाल्या तरुणाचंही एक मान्य करते. रोज बोईसरहून अंधेरीला जाणाऱ्याला प्रत्येक थांबा जड वाटतो, दिवसाचे पाच-सहा तास गाडीत जातात बिचाऱ्याचे. पण त्याचा वेळ मेलसाठी बाजूला उभं राहण्यात जातो, वैतरण्याला नाही. भांडायचं तर तिसऱ्या-चौथ्या रुळासाठी भांड. आपल्याहून गरीब माणसाचा थांबा काढून घेऊन तुझा वेळ वाचवू नकोस.

आणि हो, पुलावरून चालणं गुन्हा आहे. रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहीत आहे. वाढीवच्या पोराटोरांनाही माहीत आहे. मग त्यांनी जावं कुठून ते कलमात लिहिलेलं नाही.

मला संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. याच वैतरणेवर बुलेट ट्रेनचा पूल होतोय, २.३२ किलोमीटरचा, आपल्या राज्यातला त्या मार्गावरचा नदीवरचा सगळ्यात लांब पूल. चौपदरीकरणासाठी नवे पूल. मालगाड्यांच्या वेगळ्या कॉरिडॉरसाठी पूल. या सगळ्याला पैसा आहे, इंजिनिअर आहेत, क्रेन आहेत. आणि एका बेटावरच्या माणसांना चालायला चार फुटांची वाट, कठड्याची, दिव्याची, ती कुणाच्या नकाशात बसत नाही. ही मागणी मी आत्याच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. ते गेले, आतोबा गेले. आता आतेभाऊ तोच अर्ज लिहितो. गेल्या वर्षी एका कार्यालयात त्याला उत्तर मिळालं की लोकसंख्येच्या मानाने खर्च परवडत नाही. तो घरी येऊन जेवला नाही.

याच नदीचं पाणी मुंबई पिते. मोडकसागर १९५७ चं, नंतर अप्पर वैतरणा, २०१४ ला मध्य वैतरणा. वरती धरणं बांधून मुंबईची तहान भागवली ते योग्यच झालं, कुणी तक्रार करत नाही. पण ज्या नदीने शहर जगवलं तिच्या मुखाशी राहणाऱ्यांचा हिशोब करताना मात्र माणसं मोजायला बसतात? मारंबळपाडा ते जलसार रो-रो बोट सुरू झाली २०२५ मध्ये, चांगलं झालं, गाड्यांचा मोठा वळसा वाचला. वाढीवला तिचा काही उपयोग नाही. वर वाळू उपशाने त्या पुलांच्या पायाखालची जमीन पोखरली जाते, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. पूल खचला तर दिल्ली-मुंबई थांबेल म्हणून सगळे जागे होतात. पुलावरचं माणूस पडलं तर पंचनामा होतो.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. ते निर्माल्यवाले गृहस्थ वाईट नव्हते. मी त्यांना पाणजूचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "आईने सांगितलं होतं नदीत सोड म्हणून." वडिलांचं वर्षश्राद्ध झालं होतं. विरारला उतरताना माझ्याजवळ आले, "काकू, त्या बाईंना लागलं नाही ना?" असं दोनदा विचारलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं, एवढंच. निर्माल्य विसर्जन करायचंच असेल तर घाटावर जा, कलशात टाका, घरच्या झाडाच्या बुंध्याशी घाला. चालत्या गाडीतून काहीही फेकू नका. पाण्याची बाटलीसुद्धा नको. त्या वेगात साधी बाटलीही दगडासारखी लागते.

आत्याचं पुढे काय झालं ते राहिलं. विरारकडे जाणारी शेवटची शटल त्या रात्री वैतरण्याला उभी होती. वेळ झाली होती, मास्तरांनी गार्डला सांगितलं बाळंतीण येतेय. गार्ड खाली उतरला, झोळी दिसेपर्यंत त्याने शिटी दिली नाही. डब्यातल्या बायकांनी बाक रिकामा केला, कुणीतरी आपलं कोरडं लुगडं पिशवीतून काढून आत्याच्या अंगावर घातलं. कुणी विचारलं नाही की एका बाईसाठी गाडी का थांबली. पहाटे विरारला आतेभाऊ झाला. त्याच्या मुली आता कॉलेजला जातात. त्याच पुलावरून. धाकटी पुलावर आली की बापाला मिस्ड कॉल देते आणि फलाटावर पोचली की दुसरा. दुसरा येईपर्यंत तो हातातलं काम खाली ठेवून बसतो.

पादचारी वाटेचा नवा अर्ज आतेभावाने तयार केलाय. येत्या रविवारी सकाळी मी आणि तो विरार स्टेशनच्या पूर्वेला तिकीट खिडक्यांसमोर सह्यांसाठी उभे राहणार आहोत. विरार, नालासोपारा, वसईकर, सफाळे-केळव्याकडचे सगळे या. वाढीवचं कुणी ओळखीचं असायला पाहिजे असं काही नाही. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणा, सहीसोबत जोडायची आहे. आणि जमलं तर एखादं टेबल कुणीतरी आणा, गेल्या वेळी कागद गुडघ्यावर धरून सह्या घेतल्या होत्या.