मिनिटाला हजार शब्द? त्या मेसेजमधला एकेक दावा तपासू

नागपुरातल्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. नंदनवन असो, महाल असो की धंतोली, एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या फोनमध्ये तो सापडतोच. २१ दिवस सराव केला की कोणीही मिनिटाला १००० शब्द वाचू शकतो आणि आकलन घटण्याऐवजी वाढतं, असा त्यातला दावा. त्यासाठी तीन सवयी सोडायच्या: एकेक शब्द वाचणं, मागे वळून बघणं आणि मनातल्या मनात उच्चारणं. पुरावा म्हणून थोरामोठ्यांची नावं, आणि शेवटी एका क्लासची लिंक. मी या मुलांना उताऱ्यांवरचे प्रश्न शिकवतो. चांगली वाचणारी मुलं हा मेसेज वाचून स्वतःचं वाचन बिघडवून घेताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी हजारांचा हिशोब करू. वाचताना डोळा ओळीवरून उड्या मारत जातो. प्रत्येक उडीनंतर तो साधारण पाव सेकंद थांबतो आणि अक्षरं टिपली जातात ती या थांब्यातच. म्हणजे सेकंदाला चारेक थांबे. मिनिटाला १००० शब्द म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा, म्हणजे दर थांब्याला चार शब्द. आता हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला अगदी स्वच्छ दिसणारा भाग जेमतेम तेवढाच असतो. पुस्तक आपण धरतो त्या अंतरावर तो सव्वा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. वर्तमानपत्राच्या ओळीवर पट्टी ठेवून पाहा, तेवढ्या जागेत किती शब्द बसतात ते. बाजूची अक्षरं अंधूक दिसतात, पुढच्या शब्दाची चाहूल लागते, पण अख्खी ओळ एका नजरेत वाचली जात नाही. ही मर्यादा डोळ्याच्या पडद्याची आहे, ती सरावाने हलत नाही.

मग माणसं वाचतात तरी किती? मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. इंग्रजीत प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनात वाचतो तेव्हा सरासरी मिनिटाला २३८ शब्द होतात. हाही आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांबतो आणि मिनिटाला शब्द कमी भरतात. मराठी उताऱ्यावर आपला आकडा लहान आला म्हणून कोणी खट्टू व्हायचं कारण नाही.

मागे वळून बघू नका, हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. सरावलेल्या वाचकाच्याही दहा-पंधरा टक्के उड्या मागच्या दिशेने असतात. २०१४ मध्ये एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी वाचून झालेला शब्द संगणकाच्या पडद्यावर लगेच झाकून टाकायचा प्रयोग केला. परत बघायची सोय गेली आणि आकलन घसरलं. मराठीत तर ही सोय अधिकच लागते, कारण आपलं क्रियापद आणि बहुतेक वेळा नकारही वाक्याच्या शेवटी येतो. हे वाक्य घ्या:

समितीने सुचवलेल्या सर्व सुधारणा शासनाने तत्काळ लागू कराव्यात आणि त्याचा अहवाल तीन महिन्यांत सादर करावा, असे न्यायालयाने म्हटलेले नाही.

शेवटच्या शब्दाने सगळं वाक्य उलटं होतं. तिथे पोचल्यावर डोळा आपोआप मागे जातो, नेमकं काय म्हटलं नाही हे पक्कं करतो आणि मगच पुढे सरकतो. ही हालचाल बंद पाडली की डोक्यात उरतं ते ‘सुधारणा तत्काळ लागू कराव्यात’. प्रश्नकर्त्याने हेच वाक्य पर्यायात टाकलेलं असतं. चुकीच्या उत्तराला गुणही कापले जातात. माझ्याकडची एक मुलगी असाच पर्याय निवडून आली आणि म्हणाली, ‘सर, मी वाचलं होतं ना पूर्ण!’ वाचलं होतंच तिने. मागे न बघण्याचा नियम पाळत वाचलं होतं.

मनातल्या उच्चाराबद्दल थोडक्यात. तो आवाज म्हणजे शब्द क्षणभर डोक्यात धरून ठेवायची रीत आहे, वाक्याचं टोक हाती येईपर्यंत सुरुवात निसटू नये म्हणून. घरी करून पाहा: अग्रलेखातला एखादा अवघड परिच्छेद, तोंडाने ‘एक दोन तीन चार’ म्हणत वाचा आणि मग त्यातला युक्तिवाद कोणाला तरी समजावून सांगा. सुटे शब्द आठवतील, त्यांची सांगड घालताना अडखळाल.

वेगाने वाचलं की मन भरकटत नाही आणि म्हणून जास्त समजतं, असंही मेसेज म्हणतो. ऐकायला पटतं. पण १९८० च्या दशकात मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मायकेल मॅसन यांनी द्रुतवाचन शिकलेल्या लोकांची नेहमीच्या वाचकांशी तुलना केली. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय द्रुतवाचकांना सांगता आला. बारकावे विचारले किंवा मजकूर अवघड असला की ते मागे पडले. जिथे नजर थांबलीच नाही, तिथला तपशील त्यांना माहीत नव्हता. २०१६ मध्ये रेनर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं, त्याचाही निष्कर्ष हाच: वेग खूप वाढवला की आकलनातून किंमत मोजावी लागते. वरवर चाळण्याला माझा विरोध नाही. कुठलं प्रकरण वाचायचं हे ठरवायला, उजळणीला, वर्तमानपत्रात कामाची बातमी हुडकायला चाळावंच. पण चाळलं म्हणजे वाचलं, असं मुलांना सांगू नका.

थोरांच्या नावांत त्या मेसेजने बाबासाहेबांनाही ओढलं आहे, ते दिवसाला एक पुस्तक संपवत, त्या अर्थी त्यांना हे तंत्र येत असलं पाहिजे, अशा थाटात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून पिशव्या भरभरून पुस्तकं नेणारी माणसं ज्या शहराने पाहिली आहेत, तिथे तरी हे खपू नये. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात तासन् तास बसून टिपणं काढणारा हा माणूस. त्या बैठकीचं श्रेय कुठल्याशा युक्तीला देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

वेग वाढतो, नक्की वाढतो. तो वाढतो ओळखीने. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण ज्याला आधीच कळलं आहे, तो त्यावरचा उतारा झपाट्याने वाचतो, कारण रेपो दर या शब्दापाशी त्याला थांबावं लागत नाही. म्हणून रोज एक अग्रलेख सावकाश वाचा, अडलेला शब्द वहीत घ्या, मग पेपर मिटून युक्तिवाद चार ओळींत स्वतः लिहा. न बघता आठवून लिहिलेलं नुसतं परत वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, हे रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात दोन तासांत ८० प्रश्न असतात, तेव्हा घड्याळ लावूनही सराव करा, पण वेळेशेजारी बरोबर आलेली उत्तरंही लिहीत जा. उत्तरं घटली तर त्या दिवशीचा वेग धरू नका.

आणि क्लासची फी भरायच्या आधी तिथे एक चाचणी मागा. उतारा तुम्ही नेलेला, प्रश्न तुमच्या मित्राने काढलेले, आणि तेच प्रश्न उतारा न वाचलेल्या दुसऱ्या मित्रालाही सोडवायला द्यायचे. उतारा न वाचणाऱ्याला आणि मिनिटाला हजार शब्द वाचणाऱ्याला जवळपास सारखेच गुण पडले, तर पैसे खिशातच ठेवा.