प्रतिक्रियेला उत्तर : अण्णांचे दोन पेग आणि रात्री अडीचची जाग

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दारूनं झोप मोडते, हा माझा लेख पुस्तकी आहे. तुमचे अण्णा 68 वर्षांचे, रोज जेवणाआधी दोन पेग घेतात आणि पाठ टेकताच घोरायला लागतात. रात्री अडीचला उठतात ते वयामुळं. मध्ये दोन दिवस घेतली नाही तर झोपच आली नाही.

निम्मं मान्य. वयानं गाढ झोप कमी होते, प्रोस्टेट वाढतं, लघवीला उठावं लागतं; दारूला हात न लावणाऱ्यालाही हे चुकत नाही. दारूनं डोळा लवकर लागतो हेही खरं. मी ते एका ओळीत उरकलं, तिथं तुमचा राग रास्त आहे.

पण अडीचचा हिशोब बघा. 42.8 टक्के व्हिस्कीच्या 60 मिलीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल, दोन पेगांत 40. यकृत तासाला ढोबळमानानं 7 ते 10 ग्रॅमच निस्तरतं. म्हणजे साडेआठला बसलेल्या माणसाची साडेबारा ते अडीचच्या सुमारास उतरते. तोवर दारूनं दाबून धरलेला मेंदू दाब सुटला की उलट जास्तच जागा होतो. आधी अडलेली स्वप्नांची झोप तेव्हा उसळते. घाम, धडधड, चित्रविचित्र स्वप्नं त्यातलीच. लघवी रोखणारं हार्मोनही दारूनं कमी झालेलं असतं. शिवाय उतारवयात अंगातलं पाणी घटतं, त्यामुळं चाळिशीतलेच दोन पेग आता रक्तात जास्त चढतात.

आणि ते 60 मिली खरंच 60 असतात का? खोकल्याच्या औषधाच्या खुणा असलेल्या टोपणानं एकदा मोजाच. घरचा पेग बहुधा सढळ निघतो.

घोरणं मी गाढ झोपेचा पुरावा धरणार नाही. दारूनं घशाचे स्नायू सैल पडतात. मध्येच घोरणं थांबून दहा-पंधरा सेकंद सामसूम आणि मग गचका देऊन श्वास, असं ऐकू आलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. रविवारी तांबड्या रश्श्यावर ताव मारून दहाला आडवं झालं की घशाशी येणारं आंबट पाणी वेगळंच!

दोन कोऱ्या रात्रींवरून निकाल लावू नका. रोजच्या सवयीमुळं सुरुवातीच्या रात्री वाईटच जातात. आधी पेग साडेसहा-सातला आणा, मग 60 चे 45, 45 चे 30 करा. किती मिली, किती वाजता, रात्री कितीदा उठले, एवढंच तीन आठवडे वहीत लिहा.

झोपेची गोळी चालू असेल तर तिच्यासोबत एक थेंबही नको, श्वास मंदावतो. शुगरच्या काही गोळ्यांवर रात्री साखर उतरते, बीपीच्या गोळ्यांवर अंधारात उठताना तोल जातो. आणि माप क्वार्टरच्या पुढं निघालं, किंवा सकाळी हात थरथरत असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.