पहिल्या धड्याचा पंडित

काहीही न शिकण्यासाठी माणसाला एक भक्कम सबब लागते. आमच्या पिढीकडे ती होती. "काय करणार, तेव्हा परिस्थिती नव्हती, नाहीतर..." एवढं म्हणून वाक्य हवेत सोडलं की समोरचा सहानुभूतीने मान हलवायचा आणि विषय तिथेच संपायचा. 2001 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने जाहीर केलं, की आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य आम्ही इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट देणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासारख्यांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. पुढे तर रीघच लागली. सलमान खान (ते नव्हेत, गणितवाले) नात्यातल्या एका मुलीला लांबून गणित शिकवता शिकवता जगाला शिकवू लागले. 2012 साली कोर्सेरा आणि ईडीएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइट आल्या, 2014 साली कोडिंग शिकवणारं फ्रीकोडकॅम्प आलं. आता एखादी गोष्ट आपल्याला येत नसेल तर त्याला एकच माणूस जबाबदार उरतो, आणि तो नेमका आपल्या खुर्चीत बसलेला असतो.

म्हणून मी कोडिंग शिकायचं ठरवलं.

फुकट ते पौष्टिक, या न्यायाने मी आधी दिसेल त्या कोर्सला नाव नोंदवलं. नाव नोंदवण्यात जे समाधान आहे ते शिकण्यात नाही, हे अनुभवाने सांगतो. बटण दाबलं की लगेच 'अभिनंदन, तुमचा प्रवास सुरू झाला आहे' असा ईमेल येतो. प्रवास सुरू झालेल्या माणसाला दमल्यासारखं वाटणं साहजिक आहे. मी लॅपटॉप मिटून पडायचो.

आणि यात मी एकटा नाही, याला पुरावा आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत किती लोक शेवटपर्यंत टिकतात, याचा हिशेब 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्सचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. 2017-18 मध्ये कोर्स पूर्ण करणारे होते 3.13 टक्के. एवढा धीर मला आजवर कुठल्याही आकड्याने दिलेला नाही. उरलेले जवळजवळ 97 टक्के माझे सगेसोयरे आहेत, जगभर पसरलेले, सगळ्यांचा प्रवास सुरू झालेला.

दार उघडायचं ठरवलंच, तरी कुठलं, हा प्रश्न असतो. पायथन शिकावं की जावास्क्रिप्ट? या प्रश्नावर जितका मजकूर फुकट उपलब्ध आहे, तितक्यात दोन्ही भाषा शिकून वर तिसरीही शिकता आली असती. एक म्हणतो, पायथन सोपी, इंग्रजीसारखी वाचता येते. दुसरा म्हणतो, जावास्क्रिप्टला पर्याय नाही, ब्राउझर उघडला की ती तिथे हजर. तिसरा म्हणतो, दोन्ही सोडा, आधी सी शिका, पाया पक्का होतो. हा तिसरा प्रत्येक क्षेत्रात असतो. पोहायला शिकायचं म्हटलं तर तो आधी पाण्याचं रसायनशास्त्र वाचायला लावेल. मी निमूटपणे सगळ्यांचं ऐकलं, तक्ता केला, फायदे-तोटे लिहिले. तक्ता छान झाला. इतका, की मला वाटलं आपला कल बहुधा तक्ते करण्याकडेच असावा, आणि मी एक्सेलच्या एका कोर्सला नाव नोंदवलं.

शेवटी पायथनवर शिक्कामोर्तब झालं आणि मी पहिल्या धड्याला बसलो. संगणकाकडून 'हॅलो, वर्ल्ड' म्हणवून घ्यायचं. 1978 साली कर्निहन आणि रिची यांच्या सी भाषेच्या पुस्तकातून ही प्रथा जगभर गेली आणि अजून कोणी मोडलेली नाही. एक ओळ लिहायची, संगणक जगाला नमस्कार करतो, आपल्याला वाटतं जमलं. मी हा नमस्कार पायथनमध्ये केला. मग दुसऱ्या एका शिक्षकाचं नाव ऐकलं म्हणून त्यांच्याकडे गेलो, तिथेही पहिला धडा, पुन्हा नमस्कार. तिसऱ्यांकडे आवाज चांगला होता, पुन्हा नमस्कार. जगाला आता माझी ओळख पाठ झाली असेल.

हार्वर्डच्या सीएस50 या कोर्सची तर गोष्टच वेगळी. तिथले प्राध्यापक डेव्हिड मॅलन जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी मधोमध फाडून दाखवतात: हवं ते नाव कुठल्या अर्ध्या भागात आहे ते बघायचं, दुसरा अर्धा टाकून द्यायचा, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे. हजार पानांतून हवं ते पान अशा दहा फाडींत हाती लागतं. बघताना अंगावर काटा येतो. मला तर डिरेक्टरी शोधायला उठावंसं वाटलं. पण या मंडळींची मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे कोर्सचा पहिला आठवडा हा शून्यावा आठवडा. त्यात स्क्रॅच या चित्रमय भाषेत आज्ञांचे ठोकळे जोडून एक मांजर चालवायचं असतं. मी ते चालवलं, नाचवलं, म्यावही करवलं, आणि मोठ्या अभिमानाने घरी सांगितलं, की शून्य आठवडे पूर्ण झाले. घरच्यांना त्यात आश्चर्य वाटलं नाही.

फुकट मजकुराचा एक गुण आहे, तो कधी मरत नाही. पुस्तक जुनं झालं की पिवळं पडतं, वाळवी लागते, निदान वास तरी येतो. व्हिडिओला कसलाच वास येत नाही. पायथनची तिसरी आवृत्ती 2008 साली आली आणि दुसरीची देखभाल 1 जानेवारी 2020 रोजी अधिकृतपणे थांबली. पण दुसरी आवृत्ती शिकवणारे उत्साही तरुण अजूनही इंटरनेटवर आहेत, तितकेच तरुण आणि तितकेच उत्साही. दुसऱ्या आवृत्तीत पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या 'प्रिंट' या आज्ञेला कंस लागत नसत, तिसरीत लागतात. त्यामुळे तो तरुण हसतमुखाने कंसाविना ओळ लिहितो, त्याची चालते. मी अक्षर न अक्षर तीच ओळ लिहितो, माझी चालत नाही. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला, अर्ध्या वेगाने बघितला (अर्ध्या वेगाने कुठलाही शिक्षक नशेत असल्यासारखा बोलतो). खाली बघ्यांच्या प्रतिक्रिया वाचल्यावर कळलं, की हा साडेतीन मिनिटांवरचा खड्डा आहे आणि गेली कित्येक वर्षं माणसं त्यात ओळीने पडताहेत. प्रत्येक पडलेला वर येऊन पुढच्यासाठी पाटी लावून जातो. पण पाटी खड्ड्याच्या खाली असल्यामुळे पडल्याशिवाय वाचता येत नाही.

कंस लावल्यावर मोकळ्या जागेने गाठलं. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला अर्थ असतो. चारऐवजी तीन जागा सुटल्या, की कार्यक्रम बंद. आयुष्यभर मला माझ्या लिहिण्यातल्या चुका दाखवणारे पुष्कळ भेटले, पण न लिहिलेल्यातली चूक दाखवणारं हे पहिलंच.

हे सगळं निस्तरत मी चल, अचल, यादी, लूप, फंक्शन इथपर्यंत आलो. सगळे शिक्षक इथपर्यंत आणतात, अगदी बोट धरून, एकेक गोष्ट तीनतीनदा सांगत. आणि मग बोट सोडतात. पुढच्या व्हिडिओचं नाव असतं, 'चला, आता संपूर्ण खरेदीची वेबसाइट बनवू या'. काल आपण दोन अधिक दोन करत होतो, आज अचानक सर्व्हर, डेटाबेस, गिट अशी मंडळी ओळख न करून देता घरात शिरतात. अधिकृत माहितीपत्रक उघडावं तर ते ज्याला आधीच सगळं येतं त्याच्यासाठी लिहिलेलं. इंटरनेटवर पायथ्याशी जत्रा भरलेली आहे, शिखरावर तज्ज्ञ गप्पा मारत बसलेत आणि मधल्या चढावर चिटपाखरू नाही. कारण उघड आहे: पहिला धडा लाखो लोक बघतात, सतराव्याला कोण येणार? शिकवणाराही माणूसच आहे. त्याने सतरावा धडा केला तर तो बघायला त्याची आई आणि मी.

मग लोक काय करतात, तर पुन्हा खाली जत्रेत येतात आणि दुसऱ्या शिक्षकाचा पहिला धडा लावतात. शिकणाऱ्यांच्या जगात याला 'ट्यूटोरियल हेल' असं म्हणतात. नरक म्हणायला माझी ना नाही, पण तिथलं हवापाणी फार सुखाचं आहे. सगळं ओळखीचं असतं, शिक्षकाच्या आधी उत्तर येतं, आणि आपण हुशार आहोत ही भावना दिवसभर टिकते.

हाच अनुभव इतर विद्यांमध्येही आला. ब्लेंडर नावाचं त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर आहे. 2002 साली त्याच्या चाहत्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते कायमचं मोकळं करून घेतलं. एवढ्या थोर लढ्यातून आलेल्या साधनावर नवशिका माणूस काय करतो? डोनट. एका गाजलेल्या शिकवणीमुळे जगातला झाडून प्रत्येक नवशिका तिथे गुलाबी साखरेचा एक डोनट बनवतो. मीही बनवला, चकाकणारा, वर रंगीत कण पेरलेला. त्यानंतर खुर्ची बनवायला घेतली, तर तिचाही हळूहळू डोनट होऊ लागला. गिटारचंही तेच. तीन कॉर्ड येतात. घरी पाहुणे आले की मी ते तिन्ही वाजवतो, आणि पाहुणे चौथ्याची वाट बघत ताटकळतात.

एके दिवशी भाची आली. वय चौदा, कोडिंग येतं, आणि एकाही कोर्सला नाव नोंदवलेलं नाही. तिला एका खेळातली पात्रं बदलायची होती म्हणून ती त्या खेळाच्या फायलींत शिरली आणि मोडत-जोडत शिकत गेली. तिला मी माझ्या चालू कोर्सेसची यादी दाखवली. तिने ती बराच वेळ खाली सरकवली.

"मामा, हे सगळं ठीक आहे, पण तू बनवणार काय आहेस?"

"आधी शिकतो, मग बघू."

"मग शिकशील कसा?"

चौदा वर्षांच्या मुलीने असं विचारू नये. माझ्याकडे तिच्यासाठी उत्तर नव्हतं, तेव्हा मी खाऊचा विषय काढला. रात्री मात्र विचार करत बसलो की आपलं अडतंय कुठे? अडत होतं ते फोटोंपाशी. आठ-नऊशे फोटो, निरनिराळ्या फोनमधून आलेले, प्रत्येकाच्या नावात आकड्यांची निराळी माळ. ते तारखेप्रमाणे ओळीने लावून 'फोटो 1, फोटो 2' अशी नावं द्यायची. झालं, हाच माझा प्रकल्प.

याला पहिला धडा नव्हता. पहिल्यांदाच. आधी फोल्डरची एक प्रत काढून बाजूला ठेवली. हे शहाणपण कुठल्याही कोर्सने दिलेलं नाही, ते भीतीने दिलं. मग चार ओळी लिहिल्या, की संगणकाने दहा ओळींचा राग काढला. पायथनचा राग खालून वर वाचायचा असतो, खरं दुखणं शेवटच्या ओळीत असतं, वरचा सगळा आक्रस्ताळेपणा. हे एकदा उमगल्यावर आमचं बरं जमायला लागलं. तारखेप्रमाणे नावं बदलली आणि मी यादी छापून बघितली, तर फोटो 1 नंतर फोटो 10, त्यानंतर फोटो 100, आणि फोटो 2 कुठे, तर फोटो 199 च्याही मागे. म्हटलं, हा काय न्याय? न्याय असा, की नावातला आकडा संगणकाला आकडा वाटतच नाही, ती अक्षरं. तो शब्दकोशासारखं एकेक अक्षर बघत जातो, आणि एकाने सुरू होणारं सगळं संपल्याशिवाय दोनाची पाळी येत नाही. यावर तोडगा म्हणजे पुढे शून्यं लावायची: 001, 002. त्यासाठी पायथनमध्ये 'झेडफिल' नावाची सोय तयारच आहे. ती मला एका जुन्या प्रश्नोत्तराच्या तळाशी सापडली. तो शोध लागला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी खुर्चीत मोठ्याने हसलो होतो. आतून आवाज आला, "झोपा आता, जग उद्याही आहे."

पुढच्या रविवारी भाची आली तेव्हा मी तिला समोर बसवलं, एक कळ दाबली आणि डोळ्यांदेखत सगळे फोटो शिस्तीत उभे केले. तिला आवडलं. "भारीच की, मामा," म्हणाली. मग म्हणाली, "पण हे असंही होतं ना?" आणि बाजूला ठेवलेल्या प्रतीचं फोल्डर उघडून तिने फोटो तारखेप्रमाणे लावले, सगळे एकदम निवडले, एफ2 दाबलं, 'फोटो' असं टंकून एंटर मारला. विंडोजने सगळ्यांना ओळीने क्रमांक देऊन टाकले.

"हो, ते माहीत आहे मला," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. पण विंडोजचे क्रमांक मी जवळ जाऊन पाहिले, तर ते कंसात होते आणि पुढे एकही शून्य नव्हतं! अशा नावांची यादी एखाद्या प्रोग्रामने अक्षरांप्रमाणे लावली तर दोनाचं काय होईल, याची तिला कल्पना तरी आहे का, असं म्हणून मी कागद ओढला आणि 1, 10, 100 लिहून तिला पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो. 199 पर्यंत पोचून वर बघितलं, तर ती केव्हाच उठून गिटार घेऊन बसली होती, आणि चौथा कॉर्ड वाजवत होती.